भोकरीखालचं शेत

बाबा,

परवा नातीने मला विचारलं, "आज्जी, आपलं गाव कुठेय?" शाळेत प्रत्येकाला आपापल्या गावाची माहिती सांगायची होती. वर्गात कोणाचं गाव साताऱ्याकडचं, कोणाचं लातूरकडचं, एकीचं तर थेट केरळात. मी म्हटलं, "इथेच की." तिने गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "इथे तर पार्किंग आहे." तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तिला जे सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगत बसले आहे, आणि तुम्हाला जाऊन तर आता किती वर्षं झाली. तोंडावर मी तुम्हाला कायम 'तू' म्हणाले. कागदावर मात्र 'तुम्ही' येतंय, शाळेत तसंच शिकवलं होतं. रागावू नका.

नातीला मी तुमचं गाव सांगितलं, म्हणजे माझं माहेर. एकमेकांना खेटलेली कौलारू घरं, मध्ये गावदेवीचं देऊळ आणि बाहेर पडलं की खाडीपर्यंत भातशेती. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे रोपं करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून पेटवायचं. त्या दिवसांत वाळत घातलेल्या कपड्यांनाही धुराचा वास यायचा. खाडीचं खारं पाणी अडवायला मातीचा बांध होता. उधाणाला तो फुटला की गावात हाळी पडायची आणि घरटी एक माणूस चिखलात उतरायचा. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊसुद्धा तेव्हा शेजारी उभे राहून माती टाकायचे. प्रत्येक शेताला नाव होतं. आणि एक रीत होती, दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरायचं नाही, शिरावंच लागलं तर चप्पल बांधावर काढून ठेवायची. नातीने विचारलं, "का?" देवळात का काढतो, असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली.

मला तुम्ही खाडीपलीकडे, कामोठ्याच्या बाजूला दिलंत. इथेही तसंच गाव, तशीच भातं. सासऱ्यांचं मोठं शेत आमच्या मागच्या दाराला लागून होतं आणि त्याच्या बांधावर भोकरीचं झाड. माझी सोयरीक ठरली ती त्याच झाडाखाली, कारण घरात पाहुणे मावेनात. शहर वसवायला सरकारने दोन्ही गावांची जमीन कधीच घेतली होती, पण घेतलेली जमीन वर्षानुवर्षं तशीच पडून. म्हणून सगळे पेरत राहिले. ऑफिसवाले येतील तेव्हा बघू, असं चाललं होतं. मग नव्वदच्या पुढे जमिनीच्या बदल्यात प्लॉट मिळायला लागले, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढे. गावागावात दुसरा विषयच नव्हता. पण ज्याची जमीन जिथे, त्याला तिथेच प्लॉट, असं थोडंच होतं? सोडतीत चिठ्ठी निघेल तिथे. तुमची चिठ्ठी निघाली ती नेमकी माझ्या सासऱ्यांच्या शेतात.

जागेवर पोचेपर्यंत तुम्हालाही ते माहीत नव्हतं. मला अजून सगळं दिसतं. दिवाळी तोंडावर आलीय, भात पिवळं पडलंय, कापणी आज-उद्यावर आहे. मी मागच्या दारात भांडी घासतेय. बांधावरून मोजणीवाला येतोय आणि त्याच्या मागे तुम्ही. तो सरळ भातात शिरतो आणि प्लॉटच्या चार कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोकायला लागतो. तुम्ही भोकरीपाशी थांबता. झाडाकडे बघता, मग आमच्या घराकडे, मग माझ्याकडे. चोरी करताना पकडल्यासारखा चेहरा होतो तुमचा. "या काका, तुमचीच जागा आहे," तो ओरडतो. तुम्ही चप्पल काढता आणि हाताने भात बाजूला सारत, पाय जपून टाकत आत जाता. तो हसतो, "अहो, आपल्याच प्लॉटमध्ये चप्पल कशाला काढता?" तुम्ही तसेच पुढे जाता. मागच्या पडवीत बसलेले माझे सासरे हे सगळं बघत होते. ते उठून आत गेले.

एरवी तुम्ही यायचात ते वालाच्या शेंगा नाहीतर सुका जवळा घेऊन, आणि मग दोघा व्याह्यांच्या गप्पा संपता संपायच्या नाहीत. त्या दिवशी रिकाम्या हाताने आलात आणि घोटभर पाणी पिऊन निघालात. मी तुमच्या मागे बांधापर्यंत आले. आपल्या घरात तेव्हा तुम्ही तिघे भाऊ, एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड, आईची चूल बाहेर पडवीत. मी म्हटलं, "बाबा, तू बांद ना इथं घर. आई येल, मना पन बरा वाटंल." तुम्ही माझ्यावर ओरडलात. जन्मात पहिल्यांदा. "येडी हायस काय गो? व्याह्याच्या शेतान घर बांदू? ज्यांना पोर दिली त्यांच्या भातावर?" मी म्हटलं, "आता ती जमीन त्यांची नाय." पायात चपला सरकवत तुम्ही म्हणालात, "कागदावर नसंल. मना त्यांना तोंड दाखवायचा हाय. ते बोलवतील तवाच पाय ठेवीन."

त्यांनी बोलावलं नाही. कापणी झाली, पुढच्या वर्षी सासऱ्यांनी खुंट्या चुकवून पुन्हा लावणी केली. प्लॉटचा विषय घरात कोणी काढेना. सासऱ्यांनी तुम्हाला बोलवावं, असं मी नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "दोघा म्हाताऱ्यांच्या मधी तू पडू नको, उगाच टेन्शन." सासूबाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "जमिनीत बाईमानसानी बोलू नये." सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. तुम्ही यायचेच थांबलात. माझ्या मुलाच्या बारशालाही आईला एकटीला पाठवलंत, तब्येतीचं निमित्त करून. पुढे ते निमित्त खरं झालं आणि तुम्ही त्याच एका खोलीत डोळे मिटलेत, आई बाहेर चुलीपाशी असताना.

तुमच्या तेराव्याला सासरे आले होते. मला घेऊन परतताना भोकरीखाली थांबले आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलले. "मी वाट बगत व्हतो गो. येतील, नारल फोरतील, मना हाक मारतील. मी काय 'नाय' बोल्लो असतो? पन त्यांनी इचारलाच नाय." एवढं म्हणून त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मला रडू आलं नाही, बाबा. राग आला, तुमचा आणि त्यांचाही. तुम्हाला बोलावणं हवं होतं, त्यांना विचारणं हवं होतं, आणि मधल्या मधे मी रोज भांडी घासत त्या चार खुंट्यांकडे बघत होते. मला कोणी काही विचारलंच नाही.

तुमच्या मागे प्लॉट दादाच्या नावावर झाला, त्याने तो बिल्डरला दिला. त्याला तरी काय बोलणार, त्यालाही संसार होता. भोकर पाडली तेव्हा सासरे घरात दार लावून बसले होते. आता तिथे सात मजले आहेत, खाली गाड्या, गेटवर वॉचमन. माणसं चांगली आहेत, गणपतीत प्रसाद पाठवतात. नातीची मैत्रीण तिथेच राहते, तिच्याकडे नात उड्या मारत आत जाते. मी गेटपाशी उभी राहते आणि परत येते.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून साडीच्या घडीत ठेवीन, झालं. तुमच्या चप्पल काढण्याची गोष्ट दोन्ही गावांत अजून सांगतात, केवढा भला माणूस म्हणून. मीही मान डोलावते, आणि तसे तुम्ही होतातच. पण खुंट्या ठोकल्या त्याच संध्याकाळी मी मनातल्या मनात तिथे तुमचं घर बांधून टाकलं होतं. स्वयंपाकघर आमच्या मागच्या दारासमोर ठेवलं होतं, म्हणजे आईला हाक मारली की ऐकू जाईल. मला ते घर हवं होतं, बाबा. भात तुडवून बांधलं असतंत तरी चाललं असतं.