वीस मिलिमीटरचे चार ॲक्सल

मी, बुद्धप्रिया आनंदराज भद्रे, वय एकोणतीस, शिक्षण यंत्र अभियांत्रिकी पदविका, नोकरी लातूरच्या एका मशीन वर्कशॉपमध्ये तपासणी विभागात, मूळ गाव मुदखेड, हे मृत्युपत्र माझ्या मनाने लिहीत आहे. लिही असे कोणी सांगितले नाही; उलट सगळ्यांनी नको म्हटले. माझ्या मानेच्या मणक्यात गाठ आहे. एकवीस तारखेला हैदराबादला शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. उजव्या हाताची पकड दोन महिन्यांपासून गेली आहे, म्हणून हा मजकूर डाव्या हाताने टंकलेला आहे. चुका राहिल्या असल्यास त्या माझ्या.

१. मुदखेडच्या घरातला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक आई केवळाबाई हिला मिळावी. माझ्या मागे मोठा कार्यक्रम करू नये. वंदना घ्यावी, आलेल्यांना चहा द्यावा. भाषणे नकोत.

२. पुढच्या कलमांत ज्या वस्तूची विल्हेवाट आहे, तिची माहिती देणे भाग आहे.

माझे वडील आनंदराज रेल्वेत गँगमन होते. जुलै २०२२ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा माझा भाऊ सुगत, जो देगलूरला शिक्षक आहे, त्याने त्यांना वाफेच्या इंजिनाचा जुळणी संच पाठवला. खोक्यावर लिहिले होते: प्रमाण एकास पन्नास, भाग दोनशे बारा, वय चौदा वर्षे व पुढे, दोन दिवसांत तयार. मी शनिवारी मुदखेडला गेले आणि रविवारी संध्याकाळपर्यंत होईल, असे बाबांना सांगितले. रविवारी संध्याकाळी आमच्या हातात बॉयलरचा अर्धा भाग होता आणि तोही उलटा चिकटलेला.

भाग ४७ आणि ४८ दिसायला एकच आहेत, पण अदलाबदल केली की चाके अर्ध्या फेरीत अडतात. हे संचासोबतच्या कागदावर कुठेही लिहिलेले नाही. खाचेत न जाणारी पट्टी घासली तर सैल होते, न घासली तर मोडते. मी दिवसभर शतांश मिलिमीटर मोजणारी बाई. मला हे जमेना, याचा मला राग होता. बाबांना नव्हता. ते म्हणाले, "खरं इंजिन घसरलं तर सकाळपर्यंत उभं करायचो आम्ही. हे खेळणं लई माजलंय."

मी एका आड एका शनिवारी जात असे. मधल्या दिवसांत बाबा एकटे काहीतरी करत. त्यांचे हात तेव्हा थरथरू लागले होते. काम सुरू झाल्यापासून आठव्या महिन्यात मी गेले, तर चाकांचे चारही ॲक्सल कानशीने घासून आखूड केलेले. चाके जवळ आली होती, त्यांवर सांगाडा बसत नव्हता. तीन आठवड्यांचे काम वाया गेले होते.

मी त्यांना काही विचारले नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये नाकारलेल्या भागाला लाल ठिपका देतात आणि चिठ्ठी लावतात: कारण, तारीख, सही. सवयीने मी तेच केले. चारही ॲक्सल पिशवीत घातले, वर लिहिले, "नाकारले. लांबी कमी." खाली सही केली. आणि म्हणाले, "बाबा, मी नसताना हात लावत जाऊ नका."

त्यांनी चिठ्ठी लांब धरून वाचली. "साहेबाचा शेरा पडला म्हणजे पडला," म्हणाले आणि कानस खणात ठेवली. त्यानंतर मी गेले की ते "कुठवर आलं?" एवढे दारातून विचारत. टेबलाजवळ आले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये ते हृदयविकाराने वारले.

३. नाकारलेला भाग खरे माप नोंदवल्याशिवाय भंगारात टाकायचा नाही, असा आमचा नियम आहे. तो मी पाळला नव्हता. बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर टेबल आवरताना पिशवी सापडली. मी ॲक्सलवर चाके चढवली आणि ती रुळांवर टेकतात तिथले, दोन चाकांमधले माप मिलिमीटरमध्ये घेतले. २०.००. २०.०५. १९.९५. २०.००.

चूक चार वेळा एकसारखी आली, तर ती चूक नसते. वीसला पन्नासने गुणले की एक मीटर होतो. संच ब्रॉडगेज इंजिनाचा होता. बाबांच्या नोकरीची पहिली सोळा वर्षे मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांवर गेली. ते त्यांच्या ओळखीचे इंजिन करत होते.

आई ज्वारी निवडत होती. मी तिला सांगितले. ती म्हणाली, "मग? मला तर रोज सांगायचे. पोरानं मोठ्या लाइनीचं धाडलंय, आपलं बारकं होतं, तसं करून घेतो म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस का? शिकलेली तू. कागद लिवलाय म्हणजे ठाऊक असंल, असं वाटलं मला."

४. माझी स्कूटर सुगतला द्यावी. मागचा ब्रेक लवकर लागतो. बाबा गेले त्या दिवशी तो मला चार माणसांत म्हणाला होता, "त्यांच्या हातातलं काम तू काढून घेतलंस." तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेले नाही. त्याचे म्हणणे खरे होते. हे तोंडाने सांगणे मला जमले नाही, म्हणून इथे नोंदवते. मात्र "दोन दिवसांत तयार" यावर विश्वास ठेवून संच पाठवणाराही तोच, हेही नोंदवते.

५. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे त्या स्वरूपाचे काही रद्द करायचे नाही. माझ्या सहीचा एक कागद मात्र आहे: दिनांक ११ मार्च २०२३ ची वर सांगितलेली चिठ्ठी. ती मी रद्द करते. चारही ॲक्सल स्वीकृत. माप बरोबर आहे.

६. त्या ॲक्सलना जुळेल असे इंजिन करायचे, तर एकसष्ट भाग नव्याने अरुंद करावे लागतात. माझा हात गेला तोपर्यंत त्रेचाळीस झाले. उरलेले अठरा करण्यासाठी इंजिन, माझा व्हर्नियर, चिमटे आणि बाबांची कानस बसवराज यांना द्यावी. ते निलंग्याचे आहेत, आमच्याकडे लेथवर काम करतात. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात, म्हणून मी त्यांना विचारले, सही करता की इंजिन घेता?

"सही दुसऱ्याची घ्या मॅडम. मला इंजिन पायजे," ते म्हणाले. मग म्हणाले, "आन् मरायचं एवढं नक्की केलंय व्हय? अठरा भाग एकट्याला न्हाई जमायचे मला."

ॲक्सलना पॉलिश करू नये. कानशीच्या खुणा तशाच राहू द्याव्यात. इंजिन पूर्ण झाल्यावर मुदखेडला आईकडे पोचवावे. काचेच्या पेटीत ठेवू नये. आईला ते हातात घेऊन पुसता आले पाहिजे.

७. मी शस्त्रक्रियेतून परत आले आणि हात आला, तर उरलेले भाग मी करीन. हात आला नाही, तर बसवराज यांनी शनिवारी येऊन काम करावे. मी समोर बसेन. त्यांनी एखादा भाग कागदापेक्षा वेगळा केला, तर तो का केला, हे आधी विचारीन.

वरील सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर डाव्या हाताने सही केली आहे. ती माझ्या नेहमीच्या सहीशी जुळणार नाही. सही माझीच आहे.

बुद्धप्रिया आनंदराज भद्रे

साक्षीदार:
१. गौरम्मा धोंडप्पा बिराजदार, घरमालकीण, लातूर
२. व्यंकटी माणिकराव केंद्रे, स्टोअरकीपर, लातूर

ठिकाण: लातूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५