जीभ वर कर

३ मार्च

चार हजार आठशे!

आकडा सांगताना नर्सनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कागद सरकवला आणि म्हणाली, "ओकुमू, गोळ्या कुठं फेकतोस?"

फेकत नाही म्हटलं. नोव्हेंबरपासून एकही चुकवली नाही. आईशपथ.

"कुणाच्या आईची? तुझी नावंच तीन आहेत."

आहेतच तीन. मासेमारीच्या बोटींवर चार वर्षांत या समुद्राएवढ्या तळ्याचे सहा किनारे फिरलो. तीन दवाखान्यांत तीन नावं लावली, दर वेळी नवा माणूस, नवं कार्ड. गोळ्यांची मोजणी असली की आदल्या दिवशी उरलेल्या तळ्यात ओतायचो, डबी हिशेबात रिकामी दिसावी म्हणून. आमच्या तळ्यातले मासे माझ्यापेक्षा निरोगी असतील. पण ते पूर्वी! आता खरोखर घेतोय, आणि आताच रक्तातला एचआयव्हीचा विषाणू वर चढलाय. खोटं बोलायचो तेव्हा सगळे पाठ थोपटायचे.

भिंतीला टेकून ओतिसची आई उभी होती. दवाखान्यात समजावणारी बाई. तिलाही आमचाच आजार, म्हणून तिला आमच्यावर सोडलंय. "अठरा वर्षं," म्हणाली, "अठरा वर्षं घेतेय मी. एक गोळी चुकली नाही." हे ती नमस्कार म्हणावं तसं म्हणते.

निकाल असा. तीन महिने, रोज दुपारी चारला, तिच्या अंगणात, तिच्या डोळ्यांसमोर गोळी गिळायची. मग पुन्हा रक्त.

मी चोवीस वर्षांचा आहे. शेळी नाही.

४ मार्च

ही वही तिनंच दिली. गोळी घेतली की मागच्या पानावर खूण करायची. पुढची पानं रिकामी. ती मी तिला शिव्या द्यायला वापरणार.

रोझलिदाला फोन केला. ती म्फांगानो बेटावर शिवणकाम करते. तिला माझं सगळं माहीत आहे, तिचं रक्त साफ आहे. ती एकच म्हणते — कागद आण. 'विषाणू सापडला नाही' असं लिहिलेला. तो असला की माझ्यापासून तिला होत नाही, हे तिला दवाखान्यात नीट सांगितलंय. मग ये आणि राहा. आकडा सांगितला. मग म्हणाली, "जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी इथं आहे. नंतर किसुमूला, काकूच्या दुकानात."

मी म्हटलं, कागदाचा फोटो पाठवतो की, मिळाला की.

"फोटो नको. फोटो कुणाचाही असतो. तू कागद घेऊन स्वतः ये."

म्हणजे तीही!

५ मार्च

गेलो. अंगणात पाचसहा बायका जाळ्यांवर ओमेना पसरत होत्या, बोटाएवढी चंदेरी मासळी. उन्हात वास असा की डोळे झोंबावेत. ओतिसची आई स्टुलावर बसली होती. हातात पाण्याचा पेला.

गिळली.

"आ कर. जीभ वर कर. डावीकडे. उजवीकडे."

एक बाई ओरडली, "ओतिसची आई, बोकड घेतेयस काय? दात मोज, दात!"

"घेतला असता," ही म्हणते, "पण अंगावर मांस नाही."

सगळ्या हसल्या. मी नाही. माझ्या आयुष्यात इतका अपमान एकदाच झाला होता. तेव्हा निदान पोलीस होते.

८ मार्च

रविवार. चर्चमधून सरळ तिच्या अंगणात. जीभ वर.

परतताना एका मराबू करकोच्यानं एका बाईच्या टोपलीतून अख्खा म्बुटा मासा उचलला. पाच किलोचा असेल! गिळताच येईना. चोचीत धरून उभा, ना आत ना बाहेर. मी तासभर बघत राहिलो. जाळं दुरुस्त करायचं राहिलं. बोटीचा मालक म्हणाला, तुला कामावर ठेवण्यापेक्षा त्या करकोच्याला ठेवतो.

९ मार्च

ओतिसच्या आईचा मुलगा ओतिस जानेवारीत वादळात तळ्यात बुडून गेला. एकुलता. नाव मात्र तिच्या अंगावर तसंच राहिलंय. मला वाटतं, तिला रोज कुणाला तरी 'तोंड उघड' म्हणायला हवं असतं. त्यासाठी मीच सापडलो.

११ मार्च

आज भांडण. मोठ्ठं!

चारला पोचलो. गोळी हातात घेतली तर ती म्हणाली, "थांब. ओठावर काय लागलंय? दूध प्यायलास?"

दूध कुठलं! पोटाचं औषध. पांढरं, खडूच्या पाण्यासारखं, पुदिन्याचा वास येतो. बोटीवर दिवसातून एकदा खायचं, तेही मिरची लावून. छातीत निखारे पेटतात. टपरीवर बाटली मिळते. उपाशीपोटी गोळी उलटून येते म्हणून मी गोळीआधी दोन घोट घेतोच. नोव्हेंबरपासून. त्याच्यावरच तर गोळी टिकते.

तिनं बाटली खिशातून ओढली. डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मग पायात चप्पलसुद्धा न घालता टेकडी चढायला लागली. मी मागे. मध्येच थांबली, वाकली, खोकली. मी म्हटलं, म्हातारे, मरशील. ती म्हणाली, "आधी तू."

दवाखान्यात नर्सनं बाटली बघितली आणि खुर्चीत टेकली. पांढऱ्या औषधातलं काहीतरी आमच्या गोळीला पोटातच धरून ठेवतं. गोळी जाते, पण रक्तात उतरत नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांनी पांढरं औषध चालेल. आधी घेतलं असेल तर गोळीला सहा तास थांबायचं. लोहाच्या नि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही बघावं लागतं, त्या घ्यायच्या तर आधी विचारायचं. टपरीवरून काहीही घेतलं तर आधी विचारायचं.

"हे आम्ही तुला विचारायला हवं होतं," नर्स म्हणाली. हळूच.

विचारायला हवं होतं! आठ दिवस मला भर अंगणात बोकड केला! सगळा दवाखाना मला खोटारडा म्हणत होता!

ओतिसची आई म्हणाली, "खोटारडा तू होतासच. फक्त या वेळी नव्हतास."

माफी नाही. काही नाही. वर म्हणते, उद्या चारला ये, आणि भाकर खाऊन ये.

१२ मार्च

मला वाटलं होतं, आता सुटलो. नाही! "तीन महिने म्हणजे तीन महिने." पुन्हा रक्त देताना तिला साक्ष द्यायचीय म्हणे, की हा समोर गिळत होता. मग औषध बदलायचं की नाही ते डॉक्टरांना कळेल.

भाकर नव्हती. तिनं उगालीचा, शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा पुढं केला. गार. दगडासारखा. खाल्ला.

२ एप्रिल

खूण. खूण. खूण. काही लिहिण्यासारखं नाही. छातीतली आग कमी आहे. नर्सनं दुसरं औषध दिलंय, ते गोळीशी भांडत नाही. मिरची बंद. जगणंच बंद.

१७ एप्रिल

मालकाची बोट दुसऱ्या किनाऱ्यावर चाललीय. तिकडे म्बुटा चांगला लागतोय. मला चल म्हणाला. पाय खाजायला लागले! एका जागी पाच महिने कधी राहिलोय मी? पण तिकडे दवाखाना नाही, आणि इथलं रक्त जूनमध्ये. नाही म्हटलं.

मालक म्हणाला, "त्या म्हातारीनं तुला दाव्याला बांधलंय."

त्यालाही दोन शिव्या दिल्या. खऱ्या तर तिला द्यायच्या होत्या.

२३ एप्रिल

आता ओमेनाची घमेली उचलायलाही मला सांगते. "उचल रे, हात काय शोभेला आहेत?" पूर्वी दोन-दोन एकटी उचलायची. तिचा निळा झगाही सैल झालाय, कमरेला दोरी बांधते. मी म्हटलं, गोळ्या मी खातो आणि वाळतेस तू! बायका हसल्या. ती नाही.

६ मे

आज मला लहर आली. म्हटलं, अठरा वर्षं, अठरा वर्षं सांगतेस, तर एकदा माझ्यासमोर तू पण घे की. मी बघतो जीभ उचलून.

केवढी चवताळली! पेला आपटला. "मी पहाटे घेते. तेव्हा तू घोरत असतोस. तू मला शिकवणार? तू?"

एवढं काय झालं चिडायला? थट्टाच केली होती. या बाईचं डोकं उन्हात वाळत घातलेलं असतं.

आता लक्षात येतंय, बऱ्याच दिवसांत अठरा वर्षं ऐकलं नव्हतं. मीच काढलं.

१५ मे

तळ्यात पाणवनस्पतीचा गालिचा आलाय, अख्खा किनारा हिरवा. बोटी अडकल्या. काम नाही. पोरांबरोबर फुटबॉल खेळलो, पायाचं बोट मुरगळलं. चारला लंगडत गेलो. म्हणाली, "दुखण्याची गोळी घेतलीस का कुठली? नाव सांग."

टपरीवाली घेणार होतो. घेतली नव्हती. तरी मुद्दाम म्हटलं, तीन घेतल्या. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला!

मग खरं सांगितलं. चप्पल फेकून मारली. नेम चांगला आहे.

९ जून

रक्त दिलं. नर्सनं ओतिसच्या आईला विचारलं, खरंच रोज घेतली? "माझ्यासमोर. एकही चुकली नाही," म्हणाली. छातीवर हात ठेवून. माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. मला आवडलं नाही. म्हणजे आवडलं, पण तिच्याकडून नको होतं.

जाताना नर्स तिला म्हणाली, "तूही वजन करून जा."

"मासे उन्हात आहेत," म्हणून ही निघून गेली.

१९ जून

कागद आला नाही. रोझलिदानं पडदे उतरवायला घेतलेत म्हणे.

२६ जून

कागद आला नाही! किसुमूला रक्त नेतात की गोगलगाईच्या पाठीवर ठेवतात?

२ जुलै

विषाणू सापडला नाही.

तीन वेळा वाचलं. नर्सला वाचायला लावलं. मग बाहेर बसलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्यालाही. तो म्हणाला, "सापडला नाही तर शोधा की नीट." हसून हसून पोट दुखलं.

नर्सनं बजावलं, सापडला नाही म्हणजे गेला नाही, दडून बसलाय. गोळी थांबली की परत येतो. माहीत आहे, माहीत आहे! तीन महिन्यांच्या डब्या दिल्या. बेटावरच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. माझ्या खऱ्या नावाची. पहिल्यांदाच चिठ्ठी घेऊन निघतोय, एरवी पळूनच जातो.

उद्या दुपारी बाराची बोट. रोझलिदा शनिवारी सकाळी बेट सोडते. एकच बोट आहे आणि मी तिच्यात आहे!

ओतिसची आई आज दवाखान्यात नव्हती. हरकत नाही. सकाळी तिच्या घरी जाऊन हा कागद तिच्या नाकासमोर धरणार. आणि चार महिन्यांच्या सगळ्या शिव्या मोठ्यानं वाचून दाखवणार. पान एकपासून.

३ जुलै, सकाळी

पिशवी भरली. कागद प्लास्टिकमध्ये. निघालो.

४ जुलै

बोट गेली.

काल ओतिसची आई अंगणात नव्हती, आत चटईवर होती. कागद दाखवला. "बरं झालं, गाढवा," एवढंच. खोकत होती. म्हटलं, पेज करून देतो आणि जातो. पिठाच्या मडक्यात हात घातला तर हाताला डब्या लागल्या. सहा. आमच्याच गोळ्यांच्या. एकीचंही सील तुटलेलं नाही. सगळ्यात खालची जानेवारीची.

"हे काय?"

"झाकण लाव. बोट चुकेल."

"अठरा वर्षं, ओतिसची आई!"

"होती," म्हणाली. "घरात विचारणारं कुणी राहिलं नाही. मग एक दिवस नाही घेतली. मग काहीच झालं नाही."

किनाऱ्यावर भोंगा वाजला. मी कुणाची तरी मोटरसायकल मागून आणली. तिला मागे बसवलं, टेकडीवर दवाखान्यात नेलं. रक्त घेतलं, थुंकी घेतली, वजन केलं. नर्स रडली. ही नाही. खोकल्याची तपासणी करून आज दुपारी डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा चालू केल्या.

रोझलिदाला पाच फोन केले. उचलला नाही.

चार वाजता पेला भरला. तिनं गिळली, माझ्याकडे खाऊ का गिळू बघितलं.

"आ कर," म्हटलं. "जीभ वर."

वहीत आज दोन खुणा.