न झटकलेली गोधडी

६ सप्टेंबर

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आपण पुन्हा पत्रांवर आलो ते बरंच झालं. फोनवर आपण दोघी नणंद-भावजय एकदम बोलतो, मग तुझा दादा मध्ये पडतो आणि शेवटी त्याच्याशीच बोलून फोन संपतो. शिवाय तुमच्या खाणीवर सगळ्यांत मिळून फोन एकच. मागे उभ्या असलेल्या रांगेला आपल्या घरात काय शिजलं तेही कळणार.

इकडे ऊन आता मऊ झालं आहे. टोमॅटोंना मात्र पिकायचं काही लक्षण नाही. मी म्हणते वेल उपटून तिथे लसूण लावू, पण तुझा दादा रोज सकाळी जाऊन एकेकाला हात लावून येतो आणि अजून आठवडाभर थांब म्हणतो. तीस वर्षं मास्तरकी केली, नापास करायची सवयच नाही. शेवंतीला कळ्या धरल्या आहेत. भोपळा कुंपणावरून शेजारणीकडे गेला आहे आणि ती तो आपलाच समजून पाणी घालते, मी कशाला बोलू?

तू दवाखान्यात आधी घालायचीस ते निळे गणवेश कपाटात नुसते पडून होते. त्यांची गोधडी शिवायला घेतली आहे, तुझ्यासाठीच. तिकडे थंडी लवकर पडते म्हणालीस ना? तुला माझी पद्धत माहीत आहे, कडेपासून सुरुवात करायची आणि फेर घेत घेत मधे यायचं. मधला चौकोन सगळ्यांत शेवटी. पहिले दोन फेर झाले. बोटात घालायचं माझं अंगुस्तान मात्र पुन्हा बेपत्ता आहे, आणि चोर कोण ते सांगायची गरज नाही. घरातली वस्तू हरवली की बागेत खणायचं, हे आता तुझ्या दादालाही कळलं आहे. कुत्र्याचं नाव खजिनदार ठेवलंस तेव्हा मी हसले होते. आता माझं हसं होतंय.

तब्येतीला जप. रात्रपाळी असेल तर दुपारी झोपत जा. आमचा लोभ तुझ्यावर आहेच, तुझा पत्रातून दिसू दे.

तुझी वहिनी

ता. क. खजिनदार हल्ली नीट खात नाही. पाणी मात्र सारखं पितो. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. मूत्रपिंडं थकली आहेत म्हणाले. औषध दिलं आहे. काळजी करू नकोस.


१३ सप्टेंबर

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

काळजी करू नकोस म्हणे! दोन पानं टोमॅटो आणि भोपळा, आणि माझा कुत्रा ता. क. मध्ये? वहिनी, तुझी ही जुनीच खोड. दादाचा हात मोडला होता तेव्हाही पत्रभर शेजारणीच्या मुलीचं लग्न होतं आणि हात शेवटच्या ओळीत. तेव्हापासून मी तुझं पत्र खालून वर वाचते. पाकीट फोडलं की आधी ता. क., ते नसेल तर मग निवांत चहा ठेवून बाकीचं.

आता सरळ उत्तर दे. उलटी होते का? मागच्या पायांत जोर आहे का? तोंडाला वास येतो का? मी माणसांची परिचारिका असले तरी मूत्रपिंड ते मूत्रपिंडच. त्याला मीठ अजिबात देऊ नका. दादा ताटातलं खाली टाकतो, मला ठाऊक आहे. त्याला म्हणावं, मास्तर, हे बंद.

माझ्या जागी दुसरी बाई ऑक्टोबरच्या मध्याला येणार आहे. ती आली की दुसऱ्या दिवशी मी निघते. त्याआधी दवाखाना सोडता येत नाही, इथे माझ्याशिवाय मलमपट्टी करायलाही कुणी नाही. तोपर्यंत त्याला थांबव. कसंही कर, पण मी येईपर्यंत थांबव. पिल्लू असताना शर्टात घालून त्याला मीच आणलं. त्याच्या शेवटी मी नसेन असं व्हायला नको.

आणि गोधडीबद्दल थँक्यू, पण ती पाठवताना नीट झटकून पाठव. मागच्या वेळच्या स्वेटरला त्याचे इतके केस होते की इथली स्वयंपाकीण म्हणाली, तुमच्या घरी मेंढी आहे का?

दादाला नमस्कार. तुझा लोभ शिलकीत आहेच, त्यातला थोडा खजिनदारावर खर्च कर.

तुझी धाकटी


२० सप्टेंबर

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी देते, नाहीतर पुन्हा ओरडशील. उलटी होते, सकाळी. मागचे पाय फरशीवर घसरतात म्हणून मी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत जुनी पोती अंथरली आहेत. घर गोदामासारखं दिसतं. वास येतो. मीठ बंद आहे. तुझ्या दादालाही मी बिनमिठाचंच वाढते, म्हणजे खाली टाकायचा मोह नको. दोघंही माझ्याकडे सारख्याच तोंडाने बघतात.

टोमॅटो अखेर उपटले. पंचवीस-तीस हिरवे निघाले, ते कागदात गुंडाळून ठेवले आहेत. वाफा मोकळा झाला. लसणाच्या पाकळ्या लावायला मी खुरपं घेऊन बसले तर खजिनदार पोत्यांवरून, मग पायरीवरून, मग मातीतून असा थांबत थांबत माझ्यापर्यंत आला. तोंडात बिस्किट होतं. सकाळी दिलेलं, न खाल्लेलं. वाफ्याच्या कडेला, शेवंतीच्या मुळाशी, त्याची नेहमीची जागा आहे ना, तिथे उभा राहिला आणि पुढच्या पायांनी दोनदा माती ओढली. तिसऱ्यांदा पाय उचलला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला.

मग मी खड्डा खणला. हसू नकोस. या बागेत पाऊल टाकलंस तर याद राख म्हणून ज्याच्यामागे मी वर्षानुवर्षं काठी घेऊन धावले, त्याच्यासाठी मी माझ्या हातांनी खड्डा खणला. त्याने त्यात बिस्किट ठेवलं. नाकाने माती लोटायला गेला आणि तिथेच बसला, म्हणून मातीही मीच लोटली. आता रोज सकाळी हेच चालतं. तो खात काही नाही, पण पुरायचं कामही सोडत नाही. तुझा दादा म्हणतो, मरेपर्यंत हिशेब चोख.

गोधडीचे चार फेर राहिले आहेत. ती मांडीवर घेतली की तो येऊन दुसऱ्या टोकावर झोपतो. हाकललं नाही. मी या बाजूने शिवते, तो त्या बाजूला असतो, आणि त्याला उठवायला नको म्हणून मी गोधडी न फिरवता स्वतःच त्याच्याभोवती सरकत शिवते. कमरेची काशी झाली आहे.

आपली सगळी माया तुझ्या वाटेवर डोळे लावून आहे, हे विसरू नकोस.

तुझी वहिनी

ता. क. डॉक्टर काल घरी येऊन गेले. औषधाचा आता उपयोग नाही म्हणाले. तो पहाटे कण्हतो, हळूच, आपल्याला ऐकू जाऊ नये असा. एक इंजेक्शन देऊन शांत झोपवता येईल म्हणाले. मी नको म्हटलं. तू येईपर्यंत थांबवायचा शब्द आहे आणि तो मी मोडणार नाही. पण धाकटे, थांबवतेय ती मी, आणि थांबायला त्याला लागतंय. एवढं एकदा तुला सांगायचं होतं.


२७ सप्टेंबर

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

महत्त्वाचं पहिल्या ओळीत लिहिते, निदान मी तरी. माझी वाट बघू नका. डॉक्टरांना बोलाव.

तुझं पत्र दुपारी आलं. सवयीप्रमाणे आधी ता. क. वाचलं आणि मग वरचं वाचायला धीर होईना. संध्याकाळी वाचलं. खड्ड्याचं वाचून दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. स्वयंपाकीण येऊन शेजारी बसली. बरी बाई आहे.

उन्हाळ्यात इथे एका म्हाताऱ्या कामगाराचं असंच झालं होतं. घरचे म्हणत होते, थोरला मुलगा लांबून निघालाय, तोपर्यंत काहीही करून टिकवा. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, यांना टिकवायचं ते यांच्यासाठी की मुलासाठी? मोठी शहाणी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. माझ्यावर वेळ आली तर मी पहिल्या झटक्यात तेच लिहिलं, आणि तेही तुझ्या गळ्यात बांधून मोकळी झाले. त्याला त्रास होतोय आणि तुलाही. हे मला इथे बसून आवडत नाही, पण पटतंय.

काही गोष्टी कर. त्याला टेबलावर ठेवू देऊ नकोस, त्याला उंचीची भीती आहे. डाव्या कानामागे हात ठेव, उजव्या नाही, तिथे जुनी जखम आहे. त्याच्याशी बोल. काय बोलायचं सुचलं नाही तर त्याला रागव, तुझ्या रागावण्याची त्याला सवय आहे. दादाला आत थांबायची सक्ती करू नकोस, त्याला झेपणार नाही. त्याला काहीतरी काम दे.

आणि वहिनी, गोधडी झटकू नकोस.

मी येणारच आहे, तो नसला तरी तू आहेस. तुझी माया मला पुरते आणि उरते, आणि ती मी गृहीत धरते, त्याची लाज वाटते. तरी धरतेच.

तुझी धाकटी


४ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

खजिनदार परवा सकाळी गेला. तुझ्यासारखंच मीही आज वरच लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी डॉक्टरांना कळवलं नाही. एक दिवस माझ्याकडे ठेवला. त्या दिवशी त्याला सकाळभर उन्हात झोपवलं, आणि शेजारीण कुंपणापाशी येऊन भोपळ्याची चौकशी करून गेली, तिच्यावर तो एकदा भुंकला देखील. मला बरं वाटलं. वाटलं, कशाला बोलवायचं डॉक्टरांना. पण पहाटे तो पुन्हा कण्हला, आणि मी उठून तुझं पत्र पुन्हा वाचलं.

डॉक्टर नऊच्या सुमारास आले. टेबल नको म्हटलं. खाली जमिनीवर गोधडी अंथरली होती, तो आधीच तिच्यावर होता. मी त्याच्याजवळ बसले, डाव्या कानामागे हात ठेवला. बोलायला खरंच काही सुचेना. मग म्हटलं, माझं अंगुस्तान कुठे ठेवलंस रे, चोरा? बागेची वाट लावलीस, माझी चप्पल खाल्लीस, पाहुण्यांसमोर लाज काढलीस. त्याने शेपटी एकदा हलवली, मी रागावले की हलवायचा तशीच. मी रागावतच होते, डॉक्टरांनी माझ्या खांद्याला हात लावून झालं म्हणून सांगेपर्यंत. त्याला लागलं नाही धाकटे. मी तोंड बघत होते, त्याला लागलं नाही.

तुझ्या दादाला मी खणायचं काम दिलं होतं. जागा सांगावी लागली नाही, तो शेवंतीच्या मुळाशीच गेला. खणताना एकेक निघायला लागलं. बिस्किटांचा चिखल, माझा लाकडी चमचा, त्याचा एक मोजा, ज्याची जोडी तो गेल्या हिवाळ्यापासून जपून ठेवून आहे, आणि खाली, मातीत रुतलेलं माझं अंगुस्तान. प्रत्येक वस्तू तो पुसून ओळीने पायरीवर मांडत होता आणि रडत होता, मग मोजा हातात घेऊन हसायला लागला. मी म्हटलं, वेड लागलं का तुम्हाला? आणि मलाही हसू आलं. खजिनदाराच्या उशाशी सकाळचं बिस्किट होतं, तोंडाला न लावलेलं. ते त्याच्याजवळच ठेवलं आणि आम्ही दोघांनी माती लोटली. कडेला लसणाला कोंब आले आहेत, त्यांना धक्का लागू दिला नाही.

पोती अजून उचलली नाहीत. सकाळी उठले की पाय पोत्यावरूनच चालतात. घर फार स्वच्छ झालं आहे आणि मला ते आवडत नाही. ज्याला घरात घेऊ नका म्हणून मी आठ दिवस अबोला धरला होता, त्याच्यासाठी आता स्वयंपाक करताना मागे वळून बघते. हे कुणाला सांगू नकोस, तुझ्या दादाला तर नाहीच.

महिन्याच्या मध्याला ये, बाई. तुझ्या जागी यायची ती आली की लगेच निघ. तुझ्या खोलीत अंथरूण घालून ठेवते. आपली माया आता आपल्यालाच एकमेकींना वाटून घ्यायची आहे, ती पुरून ठेवणारा उरला नाही.

तुझी वहिनी

ता. क. तू हेच आधी वाचणार हे मला माहीत आहे. म्हणून इथे वाईट काही ठेवलेलं नाही. अंगुस्तान सापडलं, शेवटचा फेर आणि मधला चौकोन पुरा झाला. गोधडी सोबत पाठवते आहे, झटकलेली नाही. ती अंगावर घे, खाली बस, आणि मग पत्र वरून वाच.