वाडीच्या तक्त्यातली एक बाई

३ जून
मनीषाला जाऊन आज तीन महिने. आरोग्याचे गाववार आकडे आता कुणालाही बघायला खुले आहेत म्हणे. बघितले. साइट चार वेळा बंद पडली, पाचव्यांदा आमच्या वाडीची ओळ सापडली. मार्च, मातामृत्यू: ०.
माझी सून बाळंतपणात गेली. शून्य कसे?

५ जून
तक्ता म्हणजे नुसता फोटो, तोही आडवा. सगळे हाताने वहीत उतरवले. बी.एस्सी.चे संख्याशास्त्र पस्तीस वर्षांनी कामाला आले.
वाडीत यंदा गरोदर बाई एकच होती, मनीषा. तेव्हा ‘गरोदर: १’ ही तीच. मार्च १. एप्रिल १. मे १. लोहाच्या गोळ्या दिल्या: १.
मे महिन्यातसुद्धा.

९ जून
आरोग्य केंद्रात गेले. आकडे भरणाऱ्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “पहिलं बाळंतपण म्हायेरी असतंय काकू. तिकडनं काही कळलं न्हाय की मागचा आकडा तसाच पुढं जातो.”
“म्हणजे गेलेली बाई तुमच्याकडे गरोदरच?”
“तिकडची नोंद आली की निघंल.”

१४ जून
मनीषाच्या माहेरी, सोनारीच्या अलीकडे. एसटीत कंबर मोडली. विहीणबाईंनी नात मांडीवर दिली. डोळे आईचे. पावसाळा सरेपर्यंत तिला इथेच ठेवायचे ठरले.
तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, “बाळंतपण आमी धरलंय, माता सुखरूप. पुढं बार्शीला नेताना वाटंत गेली, ते आमच्याकडं कसं धरायचं?”
वाटेचा तक्ता कुठे असतो?

१५ जून
विलासचा पुण्याहून फोन. “आई, आकडा बदलून ती परत येणार हाय का?”
नाही येणार. पण मृत्यू नोंदला तर चौकशी बसते. बार्शीला न्यायला दवाखान्याची गाडी दोन तास का आली नाही, हे कुणीतरी विचारेल. शून्याला कोण विचारतो? विलास रडत होता. मी ठेवला फोन.

२६ जून
लोहाऱ्याला तालुका आरोग्य कार्यालयात जाऊन मनीषाचा मृत्यू नोंदवावा म्हणून अर्ज दिला. पोच घेतली. संध्याकाळी परतले तर पाण्याचा तांब्या बाहेर उंबऱ्यावर. सकाळी आत ठेवला होता. कुलूप जसेच्या तसे. वय झाले, दुसरे काय.

२ जुलै
जूनचे आकडे आले. गरोदर: ०. हायसे वाटले.
खालची ओळ. बाळंतीण, घरभेट: १. मातामृत्यू: ०.

३ जुलै
नवीन सिस्टर जूनमध्येच रुजू झाली आहे. सरळ विचारले, “न जाता भेट लिहायला लाज वाटत नाही?”
पोरगी रडवेली झाली. “आईशप्पथ आलते, काकू! सव्वीसला. यादीत एकच नाव व्हतं. गरोदर लिवलेलं, पण मांडीवर बाळ दिसलं म्हनून मी बाळंतीण केली. तुमी नव्हता. सूनबाईनं पाणी दिलं की. पाजत व्हती, म्हनून मी उंबऱ्यातनंच बोलले.”
“काय म्हणाली?”
“गोळ्या संपल्यात म्हनली.”
बाळ सोनारीकडे आहे. किल्ली माझ्या पिशवीत होती. सिस्टरला यातले काही सांगितले नाही.

७ जुलै
अर्जाच्या साहेबांचा फोन. “म्याडम, जूनच्या भेटीमुळं बाई जिवंत दिसते. एक ओळ लिहून द्या. सव्वीस तारखेला घरात कुणी नव्हतं, भेट खोटी आहे. उद्याच शून्याचा एक करतो.”
सिस्टरची नोकरी जाईल का, विचारले. “ते वेगळं,” म्हणाले.

८ जुलै
कागद समोर आहे. ‘दाराला कुलूप होते’ इथवर लिहिले. हे मी कुठेही शपथेवर सांगेन.
पुढचे वाक्य अजून लिहिलेले नाही.
दुपारी बाजाराला गेले. जाताना तांब्या भरून आत ठेवला, शेजारी लोहाच्या गोळ्यांचे एक पाकीट. कुलूप दोनदा ओढून पाहिले.
आत्ता परत आले आहे. पिशवीतली वही काढून ओसरीवरच बसून लिहिते आहे. पाकीट जागेवर असेल, तर पुढचे वाक्य लिहीन. किल्ली हातात आहे.