मास्तरांना लागलेला आवाज

२ ऑगस्ट
पोचले. मास्तर आयुष्यभर गाणं शिकवत आणि गाण्यावर टीका लिहीत. ते वारल्यावर मागे राहिलेले कागद लावून देणं हे माझं काम. वरची खोली माझी, खाली काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी. पदवी घेणारी आमच्या घरात मीच पहिली, म्हणून बाबांनी सगळ्या गल्लीला सांगून टाकलंय, पोरगी विद्वानांची धूळ झटकायला गेली. झटकीन. एका माणसाचं ज्ञान वाया जाऊ नये, एवढंच मनात आहे.

५ ऑगस्ट
गंजलेल्या टाचण्या काढते, घड्या सपाट करते. काकूंना दिसत नाही, म्हणून प्रत्येक कागद आधी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा, मगच फायलीला लावायचा. आज एका विद्यार्थिनीवरची टीका वाचली. मास्तरांनी तिला अक्षरशः सोलून काढलं होतं. मला अन्याय वाटला. टीकेखाली लिहिलेली तिची सुरावट, शाळेत शिकले तेवढ्या बळावर, गाऊन दाखवली आणि विचारलं, यात वाईट काय? काकू म्हणाल्या, ती पोर पुढे मुकी झाली. मग हसल्या. तू गायलीस ते बरं झालं, त्यांनी ऐकलं असेल.

९ ऑगस्ट
घसा बसलाय. फायलीत नवा कागद होता. अक्षर मास्तरांचं, शाई ओली. ‘वरचे सूर कच्चे. आईशी फोनवर बोलताना मात्र आवाज खरा लागतो. तोच घ्यावा.’
तरी काकूंना वाचून दाखवला. कामाची रीतच तशी. शेवटच्या शब्दावर आवाज गेला.

११ ऑगस्ट
कुजबुजसुद्धा निघत नाही. काकूंनी माझ्या खोलीला बाहेरून कडी घातली. म्हणाल्या, शिकवणीत लुडबुड त्यांना खपत नाही.
खाली काकूंचा फोन वाजला, ज्यावरून मी घरी बोलते तो. कुणीतरी विचारलं, आई, जेवलीस का? मी रोज विचारते तसंच. माझ्याच आवाजात.

१२ ऑगस्ट
पुन्हा फोन. माझा आवाज आईला सांगतोय, काम फार आहे, धाकटीला पाठव, ती माझ्याहून गोड गाते— हसलासुद्धा. मी हसते तसा.
लिहून कळवावं तर आईला वाचता येत नाही. बाबांनाही. बंद खिडकीच्या फटीतून चिठ्ठ्या टाकल्या, कुणीतरी उचलेल म्हणून— काकू खाली चाचपडत गोळा करताहेत—

१४ ऑगस्ट
फाटक वाजलं. धाकटी. ताई, कुठेयस गं, म्हणतेय.
खिडकीची काच फोडली. हात हलवला. ती वर बघणार, तेवढ्यात खालून मीच म्हणाले, अगं, इकडे, आत ये—
ती हसली आणि उंबरा ओलांडून आत—