कारण पुरेसं वाटलं नाही

२ मार्च
सकाळी साडेसातला घरच्यांचा ग्रुप सोडला. आधी निवेदन टाकलं: आपल्या गप्पांवर कंपनी धंदा करते. यापुढे माझ्याशी बोलायचं तर माझ्या स्वतःच्या सर्व्हरवर या. फोन करू नये, उचलणार नाही. निमंत्रण मेलनेही पाठवलं. सर्व्हर चपलांच्या कपाटात आहे, छान गुणगुणतो. मेहुण्याने हिला विचारलं म्हणे, दाजींनी कपाटात अंडी उबवायला ठेवलीत का. हसू दे.

३ मार्च
दार सताड उघडं ठेवलं तर बाजार भरेल. प्रवेश विभागात तीस वर्षं अर्ज तपासले ते उगाच नाही. नियम केला: येणाऱ्याने अर्ज करावा, कारण लिहावं, मी मंजूर करीन. चौदा दिवसांत मंजूर न झालेल्याला आपोआप उत्तर जाईल. मसुदा माझाच: 'आपण दिलेलं कारण पुरेसं वाटलं नाही.' सौम्य, पण ठाम. अर्ज आला की मला मेल येईल. मेलही माझीच, त्याच सर्व्हरवरची. फालतू मेल अडवणारी चाळणी सगळ्यांत कडक लावली.

६ मार्च
एकही अर्ज नाही. गुलाम सगळे.

९ मार्च
ही म्हणाली, लेक एकोणीसला निघतेय, तीन वर्षं तरी परत येणार नाही, आणि तिने तुम्हाला रीतसर कळवलंय. मेल पाहिली. शून्य. ऐकीव माहितीवर मी चालत नाही. म्हटलं, मायलेकी मिळून मला वेड्यात काढताय. हिने कपाटातून चपला ओढल्या आणि गेली. वायर निघाली. सर्व्हर चाळीस मिनिटं बंद. हे मुद्दाम.

१३ मार्च
कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला, काका, चाळणी जरा सैल करा, कामाचंही अडकतं. त्याला विचारलं, कंपनी तुला किती देते? चहा अर्धा टाकून उठला. एक शत्रू कमी.

१८ मार्च, संध्याकाळ
ही म्हणाली, तिला तुमचं उत्तर मिळालं, फार रडली. म्हणजे निमंत्रण पोचलं एकदाचं! सर्व्हर चालतो! रडणं पश्चात्तापाचं असावं. आता करील अर्ज.

१९ मार्च, दुपारी १२:१०
ही एकटीच विमानतळावर गेली. बोलावल्याशिवाय मी कुठे जात नाही. इस्त्रीचा शर्ट घातलाय, तो सहज. दर पाच मिनिटांनी मेल पाहतोय.

२:०५
शर्ट बदलला.

२० मार्च
चाळणीत साचलेला कचरा काढायला बसलो. त्यात माझ्याच सर्व्हरने मला पाठवलेल्या सहा मेल. हिचे दोन अर्ज. बहिणीचा एक. मेहुण्याचा एक, कारण: 'अंडी फुटली का बघायला.' सगळ्यांत जुना चार तारखेचा, लेकीचा. कारण: 'बाबा, १९ला दुपारी दोनचं विमान आहे. तुम्हाला भेटल्याशिवाय पाय निघणार नाही. याल ना?' आणि अठराची मेल: मुदत संपली, अर्जदाराला उत्तर पाठवलं.

मुदत चौदाऐवजी तीस दिवस हवी होती. नियमात तेवढीच त्रुटी.

संध्याकाळी ही बाहेर गेली होती. हिचा फोन टेबलावर होता. त्यावरून, त्याच कंपनीच्या ॲपवरून, लेकीला लावला. लगेच उचलला. आई, बोल, म्हणाली. मग दोनदा विचारलं, आई, ऐकू येतंय ना?

कोण बोलतंय आणि कशासाठी, एवढंच सांगायचं होतं. जमलं नाही. ठेवला.