बॅकअपचाही बॅकअप

३ मार्च, सोमवार
कॉम्प्युटर फार हळू झाला आहे. सकाळी चालू केला, दाढी केली, अंघोळ केली, पेपर वाचला, तरी तो जागा होतोच आहे. निर्णय: जुनं सगळं काढून नवीन सॉफ्टवेअर टाकणे. स्वतः.
बायको महिनाअखेरीस शाळेतून रिटायर होते आहे. छत्तीस वर्षं शिकवलं. तीस तारखेला घरीच समारंभ. आमंत्रणांचं खातं माझ्याकडे. एकशे चाळीस पत्ते कॉम्प्युटरात आहेत, एक क्लिक की काम फत्ते. बायको म्हणाली, माझ्या लाल वहीत सगळ्यांचे नंबर आहेत, फोन करून टाकते. हसलो. मोठ्याने.

४ मार्च
बॅकअप घेतला. मेल, पत्ते, पासवर्डची फाइल, सगळं एका फोल्डरमध्ये. खबरदारी म्हणून त्या फोल्डरची कॉपी करून शेजारीच ठेवली. एक दगा देईल, दोन कसे देतील?
कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, मशीन दोन दिवस ठेवून जा. म्हटलं, माणसाने स्वावलंबी असावं.

५ मार्च, सकाळी १०
मशीनने विचारलं, सगळं पुसू का? हो म्हटलं. घर झाडायला घेतलं की कोपरे सोडू नयेत. पुन्हा विचारलं, नक्की? शंकेखोर आहे. पुन्हा हो.

दुपारी १
झालं! कॉम्प्युटर आरशासारखा लख्ख.

दुपारी १.२०
जरा जास्तच लख्ख. बॅकअप दिसत नाही.

दुपारी ३
बॅकअपचा बॅकअपही दिसत नाही. कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं, ठेवला कुठे होता? म्हटलं, कॉम्प्युटरातच, आणखी कुठे ठेवणार? तो तोंडावर रुमाल धरून खोकला. या धंद्यात सौजन्य उरलेलं नाही.
बायकोला सांगितलं, काम वेळापत्रकाप्रमाणे चालू आहे.

७ मार्च
तसं काही बिघडलेलं नाही. मेल म्हणे कंपनीकडे सुरक्षित असतात, पासवर्ड टाकला की परत दिसतात. पासवर्ड फाइलमध्ये. फाइल बॅकअपमध्ये. असो.
आठवून आठवून नऊ टाकले. नववा जवळपास बरोबर असावा, कारण त्यानंतर मशीन घाबरलं आणि खातं चोवीस तास बंद झालं.

८ मार्च
सुरक्षा प्रश्न: तुमच्या पहिल्या शिक्षकांचं नाव? चोराला कळू नये म्हणून तेव्हा उत्तर मुद्दाम खोटं दिलं होतं. चोराला कळणार नाहीच. मलाही कळत नाही.

१० मार्च
दुसरा मार्ग, फोनवर कोड मागवा. नंबराचे शेवटचे आकडे सत्तेचाळीस. हा माझा नंबर नव्हे. मग आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. मेलचं खातं उघडून दिलं होतं मेहुण्याने. मी तेव्हा तत्त्व म्हणून मोबाइल वापरत नव्हतो. नंबर त्याचा.
मेहुण्याशी दीड वर्ष बोलणं नाही. चूक त्याची. इथेच, चारचौघांत म्हणाला, भावजी, बॅकअप नेहमी दुसऱ्या जागी ठेवा, नाहीतर एक दिवस हात चोळत बसाल. मला! तरी मी मन मोठं केलं. त्याला माफ करणारं लांबलचक पत्र लिहिलं, मेलवर. उत्तर नाही. दोन ओळी लिहायला हात झिजतात का? बायको माहेरी एकटी जाते, एकटी येते. मी काय करणार? पाळी त्याची आहे.

११ मार्च
युक्ती. कोड मागवत राहायचं, एखादा तरी वाट चुकून माझ्या फोनवर येईल. चौदा वेळा मागवला.
संध्याकाळी मेहुण्याचा बायकोला फोन. ताई, भावजींना काय हवंय ते विचार, सकाळपासून चौदा कोड आलेत, मीटिंगमध्ये फोन नुसता नाचतोय. तिने मला विचारलं. म्हटलं, टेक्निकल बाब आहे.

१३ मार्च
बायकोने लाल वहीतून मेहुण्याचा नंबर उतरवून चिठ्ठी माझ्या चष्म्याच्या घरात ठेवली. म्हणाली, एकच मागते. त्या दिवशी माझा भाऊ पहिल्या रांगेत दिसला पाहिजे, आणि तुम्ही बोलावल्याशिवाय तो यायचा नाही. आवाज चढला नाही. चढला असता तर भांडता तरी आलं असतं. वाईट वाटलं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.
निश्चय: उद्या फोन.

१४ मार्च
उद्या.

१६ मार्च
रविवारी लोकांना त्रास देऊ नये.

१८ मार्च
फोन केला, निव्वळ तांत्रिक कारणासाठी. त्याने कोड वाचला, मी टाइप करेपर्यंत मुदत संपली. पुन्हा. चष्मा सापडेना. पुन्हा. तिसऱ्यांदा त्याला हसू फुटलं. मलाही फुटलं, अनवधानाने. चौथ्यांदा खातं उघडलं. तीस तारखेचं बोलावणंही उरकून घेतलं. तो म्हणाला, बघतो. माझ्या पत्राबद्दल अवाक्षर नाही. मीही मोठेपणाने विषय काढला नाही.

२० मार्च
मेल आले, पत्ते नाहीत. ते म्हणे फक्त कॉम्प्युटरातच होते. हरकत नाही. आजवर ज्यांचे ज्यांचे मेल आले त्या सगळ्यांना आमंत्रण, एका क्लिकमध्ये. सहाशे बारा!

२१ मार्च
पहिलं उत्तर गादीच्या दुकानाचं. नक्की येतो म्हणतात.
बायको म्हणाली, काळजी नको, दोन आठवड्यांपूर्वीच लाल वहीतून सगळ्यांना फोन केलेत. भावाला सोडून, ते तुमचं काम. म्हणजे माझ्यावर विश्वास असा नव्हताच.

२५ मार्च, दुपारी ४
मेहुण्याचं अजून 'बघतो'च. बायको येता-जाता फोनकडे बघते. ठरवलं, तिला माझं ते पत्र दाखवावं, म्हणजे चूक कोणाची ते कळेल. पाठवलेल्या मेलमध्ये पत्र नाही.

४.३०
सापडलं. ड्राफ्टमध्ये. दीड वर्ष तिथेच बसून आहे. पाठवायचं बटण मी दाबलंच नव्हतं.
चार पानं. त्याच्या चुका नऊ, क्रमांक घालून. सातवी: बॅकअप दुसऱ्या जागी ठेवण्याचा उद्धट सल्ला.
न पाठवलेल्या पत्राच्या उत्तरासाठी बायकोला दीड वर्ष एकटीला पाठवलं. पत्र आत्ताच्या आत्ता डिलीट.

४.३५
डिलीट झालं नाही. गेलं. दोन्ही बटणं शेजारी-शेजारी कोणी ठेवली? माझं कुठलंही काम आजवर इतक्या वेगाने झालेलं नाही.

६.१०
उत्तर आलं. दोनच ओळी. सातवी सोडून बाकी आठ चुका मान्य आहेत, भावजी. रविवारी लवकर येतो, खुर्च्या मांडायच्या असतील.
बायकोला वाचून दाखवलं. ती आत जाऊन बराच वेळ तोंड धूत होती.

३० मार्च, रविवार
समारंभ उत्तम. मेहुणा पहिल्या रांगेत. गादीवाला दुसऱ्या. भाषण करताना बायको दोनदा थांबली, दोन्ही वेळा भावाकडे बघून.
मेहुण्याने मला पुडकं दिलं. आत लाल वही, कोरी. म्हणाला, ही दुसरी जागा. सगळे हसले. मी रागावणार होतो, राहून गेलं.
पाहुणे गेल्यावर वही उघडली. पहिल्या पानावर मेहुण्याचं नाव लिहिलं. नंबर आठवेना. बायकोच्या वहीत बघून लिहिला.